बुधवारचा पाचवा तास

६ जानेवारी

मने,

या नावाने अजून हाक मारलेली चालते का, ठाऊक नाही. चालत नसेल तर खोडून वर हवं ते लिही आणि पुढे वाच. माझा फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्क आहे. मेसेज लिहायला घेतला की दुसऱ्याच ओळीत माझं भांडण सुरू होतं, म्हणून कागद घेतला. पत्ता तुझ्या बाबांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, तीन दिवस आढेवेढे घेऊन मगच दिला.

काम असं आहे की मी प्रोग्रॅमिंग शिकते आहे.

हसून झालं असेल तर पुढचं सांगते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी आणि रविवारी सकाळी वर्ग भरतो. दहा मशीन, दहा माणसं. सगळ्यांत धाकटी एकोणीस वर्षांची, सगळ्यांत थोरली मी, आणि मधले सगळे माझ्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान. शिकवणारी तुझ्या वयाची असेल. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली की आजी, खाली बाकावर बसा, वर्ग सुटला की तुमच्या माणसाला पाठवते. मी म्हटलं, माझं माणूस मीच आहे. ती इतकी ओशाळली की मलाच तिला समजवावं लागलं.

तुझे बाबा मागे लागले म्हणून नाव घातलं. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आणि घरात मी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत सुटले होते. ते वैतागले होते.

मागच्या पानावर माझा प्रोग्रॅम जसाच्या तसा हाताने उतरवला आहे. दहाच ओळी आहेत. एक ते दहा आकडे छापायचे आहेत, पण मशीन सातव्या ओळीवर अडून बसतं आणि इंग्रजीत रागावतं. शिकवणारीला विचारता आलं असतं. पण एका सकाळीत तिला पाच वेळा विचारून झालं होतं, आणि सहाव्यांदा हात वर करायची मला लाज वाटली. एकतीस वर्षं मी गणिताच्या तासाला सांगत आले की विचारायला लाजू नका. किती सहज सांगत आले.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुझ्या आत्याकडे जे झालं त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. तो विषय वेगळा आहे.

आई


२५ जानेवारी

मने,

बाबांच्या फोनवर तुझा निरोप आला. "आईला सांगा, सातव्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं राहिली आहेत." एवढाच. कशी आहेस नाही, मी बरी आहे नाही, नुसती दोन टिंबं. बाबांनी तो मला तीनदा वाचून दाखवला आणि चौथ्यांदा मी त्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतः वाचला. नाव खोडायला सांगितलेलं नाहीस, म्हणून तेच लिहिते आहे.

टिंबं दिली आणि आकडे आले. शून्य ते नऊ आले, पण आले. तुमच्या लोकांत शून्यापासून मोजतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे तुमच्या हिशेबाने माझ्या शाळेचा पहिला तास हा शून्यावा तास झाला, आणि मी उगाच एवढी वर्षं मुलांना वेळेवर या म्हणून ओरडले.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. बाबा मागे लागले नव्हते. मीच वाचनालयाच्या फळ्यावर सूचना वाचली आणि त्यांना न सांगता नाव घालून आले. तुझ्याशी बोलायला माझ्याजवळ दुसरा विषय उरला नव्हता. जो तुझा विषय आहे तो थोडा शिकून घ्यावा, म्हणजे निदान काहीतरी विचारता येईल, असं मनात होतं.

आणि आत्याकडचा विषय वेगळा नाही, हे मला लिहितानाही कळत होतं. सगळे जेवायला बसलो होतो. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून प्रोग्रॅमिंग शिकायला लागले आहेस, असं तू सांगितलंस. तेव्हा तू तीस वर्षांची होतीस. मी म्हटलं, "या वयात आता पाटी घेऊन बसणार? तिथली पोरं तुला मावशी म्हणतील." सगळे हसले. हसवायलाच म्हटलं होतं. तू ताट तसंच ठेवून उठलीस, आणि तेव्हापासून सहा वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस. मी त्या सहा वर्षांत सगळ्यांना सांगत राहिले की हिला साधी थट्टा सोसवत नाही.

आता मला वर्गात आजी म्हणतात. कुणी वाईट अर्थाने म्हणत नाही, तरी प्रत्येक वेळी कान गरम होतात. त्या वाक्याची मी माफी मागते, मने.

आणखी एक सांगते, म्हणजे तुला थोडं बरं वाटेल. मागच्या रविवारी आमची छोटी परीक्षा झाली. माझ्या शेजारच्या मशीनवर एक परिचारिका बसते, चाळिशीची, चटपटीत आहे. मला एक भाग काही केल्या सुचेना. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं, मान वळवली आणि तिच्या पडद्यावरच्या चार ओळी उतरवल्या. कॉपी केली. मी, जिच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने मुलं खिशातल्या चिठ्ठ्या गिळायची. शिकवणारी तपासायला आली तर माझ्या शाळेच्या प्रोग्रॅममध्ये मध्येच एक वॉर्ड आणि अठ्ठावीस खाटा निघाल्या. परिचारिकेने तिच्या कामातली नावं वापरली होती, आणि मी ती नावंही न बदलता लिहिली होती. इतकी कच्ची कॉपी माझ्या सगळ्यांत ढ विद्यार्थ्यानेही कधी केली नव्हती.

शिकवणारीने माझी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि तो भाग पुन्हा पहिल्यापासून समजावला. मी अशा वेळी मुलांना वर्गाबाहेर उभं करायचे.

आई


१६ फेब्रुवारी

मने,

तुझा निरोप मिळाला. "पुढे काय शिकवलं?" माफीबद्दल तू काही म्हटलं नाहीस, आणि मीही विचारत नाही. पुढे काय शिकवलं ते सांगते.

आता प्रत्येकाने आपापल्या कामातलं काहीतरी घेऊन एक मोठा प्रोग्रॅम लिहायचा आहे. परिचारिका पाळ्या लावणार आहे, की कुणाची दिवसपाळी आणि कुणाची रात्रपाळी. मी म्हटलं, वेळापत्रक.

शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं माझ्याकडे होतं हे तुला माहीत आहे. तो टेबलाएवढा पुठ्ठा आणि त्यावर टाचण्यांनी टोचलेले रंगीत कागदाचे तुकडे तू लहानपणापासून पाहिलेस. चौतीस शिक्षक, अठरा वर्ग, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. एक तुकडा हलवला की सात हलायचे. जूनमध्ये सगळ्या स्टाफरूमला माझ्या सर्दी-पडशाची काळजी वाटायला लागायची, कारण ज्याला त्याला शेवटचा तास रिकामा हवा असायचा. तुला खरं सांगते, मला ते आवडायचं. गणित शिकवण्यापेक्षाही आवडायचं.

वर्गात मी याची जरा जास्तच फुशारकी मारली. म्हटलं, बावीस वर्षांत फक्त एकदा हरले. एका वर्षी अकरावीचं जीवशास्त्र आणि संगणक हे दोन विषय एकत्र बसेचनात, कारण प्रयोगशाळांना सहायक एकच होता. दोन दिवस डोकं फोडलं आणि शेवटी सोडून दिलं. ही गोष्ट मी इतक्या जणांना इतक्या वर्षांत सांगितली आहे की आता ती आपोआप तोंडातून येते. शिकवणारीचे डोळे चमकले. म्हणाली, तेच वर्ष आणा, खरी कसोटी त्याचीच.

ते तुझ्या अकरावीचं वर्ष. तुला आठवत असणारच. तुला संगणक हवा होता आणि मला तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. तू तोड काढलीस की जीवशास्त्र सोडत नाही, पण संगणकही घेते. मी म्हटलं, वेळापत्रकात बसलं तर घे. ते बसलं नाही.

दुसरं वर्ष नेता आलं असतं. सगळ्या वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. पण आता बदल म्हटलं तर कारण विचारतील, आणि ते मशीनलाही जमणार नाही. तर त्याच वर्षाच्या वहीतून शिक्षक, वर्ग, खोल्या, तेव्हाचं वेळापत्रक, मुलांनी भरलेल्या विषयांच्या पसंत्या, सगळं एका बोटाने मशीनमध्ये भरते आहे. दोन रविवार झाले, अजून निम्मं बाकी आहे.

एक विचारायचं होतं. मी हाताने करताना मला कळायचं की आधी कुठला तुकडा टोचायचा. मशीनला ते कसं कळवायचं? ते बिचारं सोमवारच्या पहिल्या तासापासून आंधळ्यासारखं भरत जातं आणि बुधवारी अडकतं.

आई


३ मार्च

मने,

तुझं पत्र आलं. निरोप नाही, पत्र. दीड पान.

तुझ्या अक्षराला अजूनही डावीकडे कलायची खोड आहे. तू लिहिलंस ते सगळं समजलं. ज्या विषयाला सगळ्यांत कमी जागा आहे तो आधी बसवायचा. अडलं तर सगळं पुसायचं नाही, एकच पाऊल मागे यायचं आणि दुसरी वाट पाहायची. मी पुठ्ठ्यावर हेच करत होते, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

खालचं मी दोनदा वाचलं. अजूनही मीटिंगमध्ये एखादा शब्द कळला नाही की तू बाथरूममध्ये जाऊन तो फोनवर शोधतेस आणि मग परत येऊन मान डोलावतेस. तुझं काम तपासणारे तुझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान आहेत. ते कधी काही बोलत नाहीत, पण त्यांनी सोळाव्या वर्षी जे हातात घेतलं ते तू तिसाव्या वर्षी घेतलंस, हे तुला रोज आठवतं. हे तू मला का लिहिलंस ते मला समजतं. मी आता त्या बाकावर बसले आहे, म्हणून लिहिलंस.

आणि शेवटची ओळ. "त्या वर्षाचं काय निघतं ते मलाही कळव. मी त्याचा पुष्कळदा विचार करते."

प्रोग्रॅम अजून नीट चालत नाही. मशीन मध्येच अडतं. निघालं की कळवते.

आई


१२ मार्च

मने,

मागच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी खोट्या होत्या. प्रोग्रॅम त्याच्या दोन दिवस आधीच चालला होता.

रविवारी सकाळी सगळ्यांचे प्रोग्रॅम भिंतीवर मोठे करून दाखवायचे होते. तू सांगितलंस तसं मी केलं होतं, जीवशास्त्र आणि संगणकाची प्रात्यक्षिकं सगळ्यांत आधी. सहायक एकच, हेही घातलं होतं. मी कळ दाबली. मला वाटलं होतं, बराच वेळ घेईल आणि मग नाही म्हणेल. मी तर पुढे काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं की बघा, मशीननेही हात टेकले. पाणी प्यायला बाटलीचं झाकण उघडेपर्यंत सबंध वेळापत्रक भिंतीवर आलं होतं. अकरावीच्या चौकटीत बुधवार, पाचवा आणि सहावा तास, संगणक प्रात्यक्षिक. कुठेही कुणाचीही टक्कर नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परिचारिका उभी राहून म्हणाली, "आजी, तुम्हाला जे जमलं नाही ते तुमच्या प्रोग्रॅमला जमलं." शिकवणारीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहून हसत होते, आणि मने, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटत होतं.

कारण मलाही ते जमलं होतं. तुझ्या अकरावीच्या जूनमध्ये, पहिल्याच दिवशी. माझ्या कच्च्या प्रोग्रॅमला ते सापडणार नाही, या भरवशावरच मी ते वर्ष आणलं होतं. बुधवार, पाचवा-सहावा तास. वही माझ्यासमोर उघडी आहे. त्या चौकटीत मी पेन्सिलने 'संगणक' लिहिलं होतं. मग ते खोडलं आणि वर शाईने 'वाचन' लिहिलं. खोडरबराने कागद पातळ झाला आहे, उजेडात धरला तर दिसतो. संगणकाची प्रात्यक्षिकं मी मंगळवारी दुपारी नेली, बरोबर जीवशास्त्राच्या डोक्यावर. पुढचे दोन दिवस मी स्टाफरूममध्ये पुठ्ठ्यासमोर बसून डोकं धरायचं नाटक केलं.

तू मला तेव्हा विचारलं होतंस. सोळा वर्षांची होतीस, वेळापत्रक हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. म्हणालीस, "आई, बुधवारी वाचनाचे सलग दोन तास कशाला?" मी म्हटलं, वाचायची सवय नको का लावायला? तू बरं म्हणालीस आणि गेलीस. तुझा माझ्यावर विश्वास होता.

तुला डॉक्टर करायचं होतं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. त्याच उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना संगणकाचं प्रशिक्षण होतं. मला माउस धरता येत नव्हता. बाण इकडे न्यावा तर तिकडे पळायचा. तू मला घरी न्यायला आली होतीस. माझी धडपड पाहून हसलीस आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातावर हात ठेवून तो फिरवलास, बाळाचा हात धरून गिरवतात तसा. "अगं आई, इतकं सोपं आहे." तुझ्या मनात काही नव्हतं. पण मागे माझ्या हाताखालच्या दोघी शिक्षिका हसल्या, आणि त्या मी वीस वर्षं विसरले नाही. माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त कळणारं माणूस तयार होतं आहे हे मला सोसवलं नाही. आई असून सोसवलं नाही. हे वाक्य लिहायला मला नऊ दिवस लागले.

म्हणून तू दोनदा वैद्यकीयच्या परीक्षेत नापास झालीस, मन नसताना प्रयोगशाळेत नोकरी केलीस, आणि तिसाव्या वर्षी जेव्हा स्वतःच्या हिमतीवर उठलीस तेव्हा मी ताटावर तुझी थट्टा केली. तू बाथरूममध्ये जाऊन शब्द शोधतेस त्याचं कारण बुधवारच्या त्या चौकटीत आहे.

अजून एक आहे, आणि ते मला त्या रविवारपर्यंत खरोखर ठाऊक नव्हतं. वेळापत्रकाच्या खाली प्रोग्रॅमने एक यादी छापली. जुन्या वेळापत्रकात ज्यांची पसंती हुकली आणि नव्यात ज्यांना मिळते, त्यांचे हजेरी क्रमांक. मला वाटलं होतं तिथे एकच आकडा येईल, चौदा, तुझा. बारा आकडे आले.

बारा जणांनी दोन्ही विषय मागितले होते. पसंत्यांचे अर्ज मीच घेतले होते, मीच वहीत उतरवले होते, आणि गेल्या महिन्यात मीच एका बोटाने मशीनमध्ये भरले. तरी मला त्यात फक्त तू दिसत होतीस. तुझ्यासाठी दार लावताना त्या दारात आणखी अकरा पोरं उभी आहेत हे मी पाहिलं नाही. त्यांनी विषय बदलायचे अर्ज आणून दिले तेव्हा मी प्रत्येकाला म्हटलं, काय करणार, माझा नाइलाज आहे.

तुझ्या बाबांना काल सांगितलं. ते इस्त्री करत होते. इस्त्री बंद करून उभी ठेवली आणि म्हणाले, "आणि मी तिला इतकी वर्षं समजावत आलो, की आईच्या हातात असतं तर तिने तुझ्यासाठी काहीही केलं असतं." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत आहेत.

माफी मागत नाही. त्या थट्टेची मागितली, कारण ती मागता येण्याजोगी होती. वही उद्या रजिस्टरने पाठवते आहे. ती तुझ्याकडे असावी.

आई


२१ एप्रिल

मने,

वही पोचल्याची तुझ्या सहीची पावती आली. बाकी काही आलं नाही, आणि ते यावं असं म्हणायचा मला अधिकार नाही. बाबा रविवारी तुझ्याशी बोलायला फोन घेऊन गच्चीवर जातात. तू काय म्हणालीस ते मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

त्या अकरा जणांना शोधायला लागले आहे. शाळेच्या जुन्या हजेरीतून नावं मिळाली. दोघं परदेशी आहेत, एक वारला. पाच जणांचे पत्ते लागले. एकीचं दुकान तर आपल्या घरापासून चालत वीस मिनिटांवर निघालं. हजेरी क्रमांक एकतीस. तुला आठवत असेल, मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीबाहेर खिडकीला नाक लावून उभी असायची. आता तिचं शिवणकामाचं दुकान आहे. तीन मशीन, कापायचं मोठं टेबल, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं.

पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं पाठ करून गेले होते. तिने मला पाहिलं आणि गिऱ्हाइकाला थांबवून खुर्ची पुसून दिली. मी तोंड उघडायच्या आतच तीच बोलायला लागली. म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्यासाठी दोन दिवस पुठ्ठा घेऊन बसला होतात, ते मी कधी विसरले नाही. माझ्या मुलीला मी नेहमी सांगते, आमच्या बाईंनी जिवाचं रान केलं, पण नाही बसलं. प्रयत्न करणारं कुणीतरी होतं, हे काय कमी आहे?" चहा आला. मी तो प्यायले. तिने माझ्या ब्लाउजच्या बाहीचा उसवलेला टाका तिथेच घालून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी धन्यवाद म्हणून घरी आले. असं आहे तुझ्या आईचं. तुला दहा पानं लिहून झाली होती, तरी समोरच्या माणसाने चांगलं म्हटलं की मूग गिळून बसले.

आठ दिवस घरात बसले. बाबांनी एकदाच विचारलं, सांगितलंस का. मी नाही म्हटलं. त्यांनी कपाटातून माझ्या बाहेरच्या चपला काढून दाराशी ठेवल्या.

काल सकाळी पुन्हा गेले. ती टेबलावर कापड कापत होती. या वेळी खुर्चीवर बसले नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. बुधवार सांगितला, खोडलेली चौकट सांगितली, स्टाफरूममधलं नाटक सांगितलं. ते तिच्यासाठी नव्हतंच, माझ्या मुलीला अडवायला होतं, आणि तिचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता, हेही सांगितलं. ते सांगताना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

तिची कात्री चालत राहिली. कापड मध्येच सोडता येत नाही, रेघ बिघडते. टोकापर्यंत कापून तिने दोन्ही तुकडे वेगळे केले, घडी घातली आणि मग मान वर केली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमच्या मुलीला माहीत आहे का हे?"

मी म्हटलं, लिहिलं आहे.

"काय म्हणाली?"

"अजून काही नाही. चाळीस दिवस झाले."

ती टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत टाकायला लागली. मग म्हणाली, "मग मीही अजून काही म्हणत नाही, बाई. ती काय म्हणते ते मला येऊन सांगा."

मी म्हटलं, कदाचित ती कधीच काही म्हणणार नाही.

"तेही येऊन सांगा."

म्हणून हे पत्र. तू काही लिहावंस म्हणून नाही. पण तू नाही लिहिलंस, तर ते सांगायलाही मला तिच्या दुकानात जायचं आहे, आणि मी जाणार आहे.

आई